सव्वादोन वर्षांच्या मुलीच्या छातीत गाठ लागली: सुई टोचायची घाई करू नका

एका ताईंनी विचारलंय ते थोडक्यात असं. मुलगी सव्वादोन वर्षांची. आठ दिवसांपूर्वी अंघोळ घालताना डाव्या निपलखाली चिंचोक्याएवढी गाठ हाताला लागली. दाबलं की ती हात झटकते. उजवीकडे काही नाही. ताप नाही, लाली नाही, खेळणं-जेवण नेहमीसारखं. सासूबाई म्हणतात उष्णता झाली. एका दवाखान्यात सांगितलं, ‘सुईने थोडा नमुना काढून तपासू, म्हणजे शंका नको.’ ती तारीख परवावर आलीय आणि ताईंना दोन रात्री झोप नाही. कॅन्सर असेल का, आणि सुई टोचू द्यावी का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

मी बालरोगतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या गावी २४ वर्षं दवाखाना चालवते. तारीख जवळ आलीय म्हणून आधी सुईचं बोलू. माझं मत सरळ आहे: ती सुई आत्ता थांबवा. नाही म्हणायला अवघड वाटत असेल तर ‘आधी सोनोग्राफी करतो, बालरोगतज्ज्ञांना दाखवतो, मग ठरवू’ एवढंच सांगा. समजूतदार डॉक्टर यावर चिडत नाही. कॅन्सरचं म्हणाल तर या वयात, बरोबर निपलखाली, एवढीशी गाठ कॅन्सरची असण्याची शक्यता इतकी कमी आहे की तिच्यापायी झोप घालवण्यात अर्थ नाही. अर्थात मी मुलीला पाहिलेलं नाही, तुम्ही लिहिलंत त्यावरून बोलतेय. त्यात दोन-तीन गोष्टी राहून गेल्यात आणि पुढचं बरंचसं त्यांच्यावर ठरतं.

आपण जिला गाठ म्हणतोय ती बहुतेक वेळा गाठ नसतेच. प्रत्येक मूल, मुलगी असो की मुलगा, जन्माला येतं तेव्हा निपलच्या मागे दुधाच्या नळ्यांचा एक बारीकसा झुपका घेऊनच येतं. आम्ही त्याला ब्रेस्ट बड म्हणतो, म्हणजे स्तनाची कळी. एरवी ती हाताला लागत नाही. रक्तात इस्ट्रोजेन हे संप्रेरक जरा वाढलं की ती फुगते, आणि मग शर्टाच्या बटणासारखी चकती लागते. मध्यभागी निपल, भोवती सारखा गोल, खालच्या छातीला न चिकटलेली, बोटाखाली थोडी सरकणारी आणि दाबल्यावर दुखणारी. तुम्ही लिहिलेलं वर्णन याला तंतोतंत जुळतं.

आता सुईला मी एवढी का घाबरते ते सांगते. मोठ्या बाईच्या स्तनातून नमुना घेतला तर आजूबाजूला भरपूर पेशी उरतात. सव्वादोन वर्षांच्या मुलीत मात्र ही चिंचोक्याएवढी चकती म्हणजेच तिचा उद्याचा अख्खा स्तन. त्यात शिलकीचं काही नसतं. सुईने तिला इजा होऊ शकते, आणि ‘गाठ’ म्हणून ती कापून काढली तर त्या बाजूला पुढे स्तन येतच नाही. माझ्याकडे एक सतरा वर्षांची मुलगी आली होती. तक्रार अशी की एक बाजू वाढली, दुसरी सपाट. निपलखाली अर्ध्या चंद्रासारखा जुना व्रण होता. आईने आठवून सांगितलं, ‘पाच वर्षांची असताना गाठ काढली होती, रिपोर्ट चांगला आला होता.’ रिपोर्ट चांगलाच येणार, कारण काढली ती तिची निरोगी कळी होती. त्या दिवसापासून छातीतल्या गाठीवर ‘काढून टाकू’ हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात.

बरं, सुईने हाती तरी काय लागलं असतं? कळीतल्या पेशी काचेवर येणार आणि अहवालात ‘नळ्यांच्या पेशी दिसतात’ असं काहीतरी लिहून येणार. नीट अनुभव नसेल तर त्यावरून नवीनच भीती उभी राहते. त्यापेक्षा सोनोग्राफी करा. टोचणं नाही, क्ष-किरण नाहीत, पाच मिनिटांचं काम. निपलच्या मागे कळी आहे, की पाण्याची पिशवी, पू, रक्तवाहिन्यांचा गुंता आहे, हे ती सांगते. सोनोग्राफी करणाऱ्याला मुलीचं वय आधी सांगा आणि दोन्ही बाजू बघायला सांगा. कळी नेहमीसारखीच दिसली आणि मुलगी बाकी ठणठणीत असेल तर पुढे काहीच टोचावं लागत नाही. मॅमोग्राफीचा मात्र लहान मुलांत काही उपयोग नाही, ती कुणी सुचवली तर दुसरा डॉक्टर शोधा.

‘एकाच बाजूला का?’ हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक आई विचारते. दोन्ही कळ्या एकाच वेळी जाग्या होतील असा काही नियम नाही. एकीला आधी जाग येते, दुसरी काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी मागून येते, कधी येतच नाही. वयात येणाऱ्या मुलींतही असंच होतं. तेव्हा एकच बाजू फुगली म्हणून ती जास्त वाईट, असं समजू नका. आणि दुखण्याचं एक सांगू? घरात गाठ सापडली की आई, बाबा, आजी, आत्या आणि शेजारच्या काकू रोज एकदा दाबून बघतात. कुणाचंही दुखेल. मी घरच्यांना सांगते, एकदा नीट बघा आणि हात काढून घ्या.

मग एवढ्या लहान वयात इस्ट्रोजेन येतं कुठून? यातला गमतीचा भाग हा की ते तिचं स्वतःचंच असतं. जन्मानंतरच्या काही महिन्यांत बाळाच्या मेंदूतल्या पिच्युटरी ग्रंथीकडून बीजकोशांना हुकूम सुटत असतात, जणू वयात येण्याची एक छोटी रंगीत तालीम चालते. मुलग्यांत ती साधारण सहा महिन्यांत संपते. मुलींत मात्र दोन वर्षांपर्यंत रेंगाळू शकते. बीजकोशात बारीक फोड येतात, जिरतात, मध्येच थोडं इस्ट्रोजेन सुटतं आणि कळी फुगते. काही मुलींची कळी मुळातच हळवी असते, थोडक्यानेही तिला जाग येते. यात बाकी शरीर वयात येत नसतं, फक्त स्तनाची कळी तेवढी पुढे धावते. आमच्या भाषेत याला प्रीमॅच्युअर थेलार्की म्हणतात. बहुतेक मुलींत ती दोन वर्षांच्या आत दिसते, काही महिने किंवा दोन-तीन वर्षं कमी-जास्त होत राहते आणि मग बसून जाते. औषध लागत नाही.

तुमची मुलगी दोनच्या थोडी पुढे आहे, म्हणून तुमच्या वर्णनात न आलेली पहिली गोष्ट विचारते: ही गाठ खरंच आठ दिवसांपूर्वी आली, की आठ दिवसांपूर्वी लक्षात आली? जन्मापासूनचे उघड्या अंगाचे फोटो असतील तर काढून बघा. टाळूला तेल लावतानाचे, पहिल्या उन्हाळ्यातले. पुष्कळदा वर्षभरापूर्वीच्या फोटोत तीच बाजू जराशी उचललेली दिसते. तसं असेल तर निम्मी चिंता मिटली.

आणि आता जे मला मनापासून सांगायचंय ते. अशा वेळी सगळे गाठीकडे बघत बसतात. मी मुलाकडे बघते. कळी फुगली तर फुगली, पण तिच्याबरोबर बाकीचं शरीरही घाईने मोठं होतंय का, हा खरा प्रश्न. होत नसेल तर वाट बघायची. होत असेल तर ते खऱ्या अर्थाने लवकर वयात येणं असू शकतं आणि मग कारण शोधावं लागतं.

शरीर घाईत आहे का, हे सगळ्यात आधी उंची सांगते. इस्ट्रोजेन सतत वाहू लागलं की हाडं जोराने वाढतात. दुसऱ्या ते तिसऱ्या वाढदिवसादरम्यान मूल साधारण आठ ते नऊ सेंटिमीटर वाढतं. चौथ्या वर्षानंतर वयात येईपर्यंत दर वर्षी पाच-सहा. माझ्याकडे गाठ घेऊन मूल आलं की मी पहिल्यांदा लसीकरणाचं कार्ड मागते, अंगणवाडीत घेतलेल्या नोंदी मागते, आणि जुनी मापं वाढीच्या तक्त्यावर टिंबं टिंबं करून जोडते. रेघ पूर्वीच्याच पट्ट्यातून जात असेल तर मी आईकडे बघून हसते. रेघ पट्टा सोडून वर निघाली असेल तर हसत नाही.

उंचीखेरीज मी काय काय बघते? जांघेत किंवा काखेत केस, चेहऱ्यावर मुरमं, मोठ्या माणसासारखा घामाचा वास. योनीमार्गातून पांढरं किंवा रक्त जाणं. कातडीवर दुधाळ कॉफीच्या रंगाचे, वेड्यावाकड्या कडांचे मोठे डाग, कारण असे डाग, हाडांचा एक विकार आणि मधूनच इस्ट्रोजेन ओतणारे बीजकोशातले फोड यांचं एक दुर्मीळ त्रिकूट आहे, मॅक्क्यून-ऑल्ब्राइट सिंड्रोम नावाचं. डोकेदुखी, उलट्या, नजर कमी होणं हेही विचारते, कारण मेंदूतल्या गाठीमुळेही पिच्युटरीचे हुकूम अवेळी सुटू शकतात. पोट चाचपते. या सगळ्याला दहा मिनिटं लागतात आणि बहुतेक मुलींत यातलं काहीच सापडत नाही.

एक अपवाद मात्र आवर्जून सांगते, कारण तो स्वस्तात बरा होतो आणि तरीही नजरेतून सुटतो. थायरॉइड फार कमी पडलं तरी लहान मुलींत स्तन वाढू शकतात, कधी रक्तस्रावही होतो. पण लवकर वयात येण्याच्या बाकी कारणांत उंची जोरात पळते, इथे उलट खुंटते. मूल सुस्त, बद्धकोष्ठ, कातडी कोरडी, शाळेत मागे पडणारं. अशी मुलगी दिसली की टीएसएच ही साधी रक्ततपासणी करते. थायरॉइडची गोळी सुरू केली की स्तनांची वाढ आपोआप ओसरते. सोनोग्राफीत बीजकोशात मोठे फोड दिसले म्हणून अशा मुलीचं कुणी ऑपरेशन केलं तर तो अन्यायच.

तपासण्यांचं विचाराल तर मी सरसकट काहीच करत नाही. उंची आणि बाकीच्या खुणा शंका घ्यायला लावत असतील तरच डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे, त्यावरून हाडांचं वय कळतं. मग पोटाची सोनोग्राफी, गर्भाशय अजून लहानच आहे की वाढायला लागलंय हे बघायला. शेवटी संप्रेरकांच्या रक्ततपासण्या. यात एक मेख आहे: दोन वर्षांच्या आत त्या रंगीत तालमीमुळे एलएच आणि एफएसएच, म्हणजे पिच्युटरीचे हुकूम नेणारी संप्रेरकं, एरवीही वाढलेले असू शकतात, आणि प्रयोगशाळेच्या कागदावर ते ठळक अक्षरात ‘जास्त’ म्हणून छापून येतात. असे कागद घेऊन घाबरलेले आईवडील मी बरेच पाहिलेत. आधी मूल तपासायचं, मग रक्त, हा क्रम उलटला की गोंधळ वाढतो.

राहिलेली दुसरी गोष्ट बाहेरून येणाऱ्या इस्ट्रोजेनची. हे विचारताना मी घरातल्या बायकांना थोडं बाजूला घेते. आईच्या गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट मुलीच्या हाती लागतं का? घरात पाळी जाण्याच्या वयातलं कुणी कातडीला लावायचं संप्रेरकाचं क्रीम वापरतं का? ते लावलेल्या हाताने मुलीला थोपटलं, कुशीत घेतलं, तरी रोज थोडं थोडं तिच्या अंगात जातं. ‘भूक लागावी’, ‘बाळसं यावं’ म्हणून कुणाकडून आणलेली बिननावाची पुडी चालू आहे का? डब्यावर घटक लिहिलेले नसतील तर ती बंद करा, गाठ असो वा नसो. अशा मुलींत कधी कधी निपल गडद काळपट झालेलं दिसतं आणि कारण बंद केल्यावर कळी बसते.

चिकन आणि दूध यांच्यावर मात्र फार आळ येतो. ब्रॉयलर कोंबडीला संप्रेरकाची इंजेक्शनं देतात असं आपल्याकडे सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं. खरं म्हणजे ब्रॉयलर झपाट्याने वाढतो तो निवडून पैदास केलेल्या जातीमुळे आणि खाद्यामुळे. हजारो कोंबड्यांना धरून रोज सुई टोचणं कुठल्याच पोल्ट्रीवाल्याला परवडणार नाही. म्हशीला पान्हा सुटावा म्हणून ऑक्सिटोसिन टोचण्याचे प्रकार होतात आणि ते वाईटच आहेत, पण म्हशीसाठी वाईट. ऑक्सिटोसिन म्हणजे इस्ट्रोजेन नव्हे, आणि ते दुधातून पोटात गेलं तरी प्रथिनासारखं पचून जातं. तेव्हा गाठ लागली म्हणून मुलीचं दूध, अंडी तोडू नका. आणि सासूबाईंच्या उष्णतेसाठी सब्जा, गुलकंद देणार असतील तर देऊ द्या, नुकसान नाही. फक्त गाठीवर चुना-हळद किंवा बिब्बा लावू देऊ नका. बिब्ब्याने भाजलेली छाती मी पाहिलीय. त्या आईला वाटत होतं गाठ फुटली, प्रत्यक्षात कातडी भाजून फोड आले होते.

हे वाचणाऱ्यांत तान्ह्या बाळांच्या आयाही असतील, म्हणून त्यांच्यासाठी थोडं थांबते. नवजात बाळाची छाती फुगणं इतकं नेहमीचं आहे की मी ते जन्मल्यानंतर पहिल्याच भेटीत सांगून टाकते. पोटात असताना आईचं इस्ट्रोजेन वारेतून बाळाला मिळत असतं. नाळ कापली की ते झपाट्याने उतरतं, प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरक मोकळं सुटतं, आणि पहिल्या आठवड्यात मुलगी असो की मुलगा, दोन्ही बाजू सुपारीएवढ्या, कधी त्याहून मोठ्या होतात. काही बाळांत थेंबभर दूधही येतं. मुलींत त्याच आठवड्यात लंगोटावर थोडं रक्त दिसू शकतं, तेही याच कारणाने. काही आठवड्यांत सगळं ओसरतं. काही बाळांत, विशेषतः मुलींत, सहा महिने किंवा थोडं जास्तही लागतं.

घोटाळा होतो तो मालिशवाल्या बाईमुळे. ‘हे दूध काढून टाकलं नाही तर मुलाची छाती बायकी होईल’ असं म्हणून रोज मालिशीत ती छाती पिळली जाते. पिळल्याने दूध संपत नाही, उलट येत राहतं, आणि कातडीला बारीक चीर पडून जंतू आत शिरतात. बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस, पुष्कळांच्या कातडीवर असणारा. तीन आठवड्यांची एक मुलगी आणली होती, एक बाजू लालभडक, गरम, ताणलेली. ताप नव्हता, म्हणून घरच्यांनी दोन दिवस शेक दिला होता. आजी प्रामाणिक होती. म्हणाली, ‘रोज थोडं थोडं काढत होते, डॉक्टर.’ आत पू झाला होता. मी तिला त्याच दुपारी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. तिथल्या सर्जनने जाड सुईने पू ओढून काढला, चीर देणं टाळलं, शिरेतून प्रतिजैविकं दिली. म्हणजे बघा, सुई नेहमीच वाईट असं मी म्हणत नाही. इथे कळी वाचवायला तीच योग्य होती. तान्ह्या बाळाची एक बाजू लाल, गरम, फुगलेली दिसली की ताप असो वा नसो, त्याच दिवशी दाखवा.

कधी बाळाच्या निपलमधून रक्ताचा थेंब येतो आणि आईवडिलांच्या पायाखालची जमीन सरकते. बहुतेक वेळा दुधाची एखादी नळी रुंदावलेली असते, एवढंच. सोनोग्राफी करून वाट बघितली की ते थांबतं.

मुलग्यांचं काय? तान्हेपणी फुगणं हे वर सांगितलं तसंच. बारा ते चौदाच्या वयात, वयात येताना, निम्म्याच्या आसपास मुलग्यांना निपलखाली दुखरी चकती येते आणि वर्ष-दोन वर्षांत जाते. पोरं शर्ट काढायला लाजतात, पोहायला जात नाहीत, पण बोलत नाहीत. त्यांना आपणहून सांगावं लागतं. या दोन वयांच्या मधे मात्र, म्हणजे तीन ते नऊ वर्षांच्या मुलग्याला खरीखुरी कळी लागली तर मी ‘बघू पुढे’ म्हणत नाही. ती चरबी नाही ना हे आधी पाहते. जाड मुलांत बहुधा चरबीच असते, दाबली की बोट सरळ आत जातं, चकती लागत नाही. खरी चकती असेल तर अंडकोष तपासते, औषधं विचारते, संप्रेरकं आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी करते, कारण अंडकोषातली किंवा मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीतली गाठ इस्ट्रोजेन बनवत असू शकते. अंगाला लावायची तेलंही विचारते. २००७ साली अमेरिकेतून तीन मुलग्यांची हकीकत छापून आली होती. लॅव्हेंडर आणि टी ट्रीचं तेल असलेली साबण, लोशन वगैरे ते वापरत होते आणि थांबवल्यावर छाती पूर्ववत झाली. त्यावर पुढे बराच वाद झाला. मी साधा व्यवहार बघते: मुलग्याला चकती आहे ना, मग सुवासिक तेलं दोन-तीन महिने बंद ठेवायला काही जात नाही.

सहा-सात वर्षांच्या मुलींच्या आयांसाठी दोन शब्द. आठ वर्षांनंतर कळी आली तर ते वयात येणंच आहे, पाळी साधारण दोन-अडीच वर्षांनी येईल, तिला आत्तापासून समजावून सांगा. आठच्या आत आली तर दाखवायलाच हवं. करोनाच्या टाळेबंदीनंतर अशा मुली जास्त येऊ लागल्या. इटलीतून आणि आपल्याकडूनही तशी निरीक्षणं प्रसिद्ध झाली. या वयात खरंच लवकर वयात येणं असेल तर मुलगी आज वर्गात सगळ्यांत उंच असते, पण हाडांची टोकं लवकर बंद होतात आणि शेवटी बुटकी राहते. महिन्याला किंवा तीन महिन्यांनी घ्यायच्या ल्युप्रोलाइडच्या इंजेक्शनने ही घाई थांबवता येते. मूल जितकं लहान तितका उंचीला फायदा जास्त. इथे सहा महिने वाया घालवणं परवडत नाही, आणि ‘आमच्यात सगळ्यांना लवकरच येते’ हे उत्तर मी मान्य करत नाही.

आता तिसरी राहिलेली गोष्ट: गाठ नेमकी कुठे आहे? ताईंनी ‘निपलखाली’ लिहिलंय म्हणून मी एवढ्या विश्वासाने बोलतेय. मुलीला उताणी झोपवा, ती गोष्ट ऐकण्यात रमली असताना दोन बोटांनी चकतीच्या दोन्ही कडा धरा आणि बघा, निपल तिच्या बरोबर मध्यभागी येतं का. येत असेल तर कळी. बाजूला असेल तर वेगळा विचार. लहान मुलांत बाजूला लागणारी सगळ्यांत सामान्य ‘गाठ’ म्हणजे बरगडी जिथे कूर्चेला, म्हणजे मऊ हाडाला, मिळते तिथला उंचवटा. तो हलत नाही, हाडासारखा कडक लागतो, आणि बारकाईने बघितलं तर दुसऱ्या बाजूलाही थोडा असतो. तांबूस किंवा निळसर, मऊ, पहिल्या काही महिन्यांत वाढत जाणारी गाठ रक्तवाहिन्यांची असते. तिला कापायची गरज बहुधा पडत नाही, मोठी असेल तर प्रोप्रॅनोलॉल नावाच्या औषधाने ती आक्रसते. हा गुण २००८ मध्ये फ्रान्समध्ये हृदयाच्या तक्रारीसाठी ते औषध दिलेल्या बाळात योगायोगाने ध्यानात आला. सर्दी-तापानंतर एकाएकी फुगणारी मऊ पिशवी असेल तर लसिकावाहिन्यांची. पडल्या-आपटल्यानंतरची कडक गाठ साकळलेल्या रक्ताची.

आणि कॅन्सर. मी टाळत नाहीये. स्तनाच्या सगळ्या कर्करोगांत मुलांचा वाटा हजारात एकाहूनही कमी आहे. माझ्या २४ वर्षांत लहान मुलाच्या स्तनात सुरू झालेला कर्करोग मी एकही पाहिलेला नाही. मला शंका येईल ती अशा गाठीची: दगडासारखी, खालच्या छातीला घट्ट रुतलेली, निपलपासून बाजूला, न दुखणारी, दर आठवड्याला नजरेत भरेल अशी वाढणारी. वरची कातडी ओढली गेलेली, काखेत गाठी, मूल फिकट पडलेलं, वजन उतरलेलं. किंवा ज्या मुलाला आधी रक्ताचा कर्करोग होऊन गेलाय, छातीला किरणं दिलीत. अशा वेळी नमुना घ्यावाच लागतो, पण तो मुलांचा कर्करोग बघणाऱ्या केंद्रात, सोनोग्राफीखाली, कळी सांभाळून. तुमच्या मुलीत यातलं काही दिसत नाही.

तर तुम्ही आता काय करायचं? परवाची सुई पुढे ढकला. या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा, सोबत लसीकरणाचं कार्ड आणि जुने फोटो न्या. सोनोग्राफी सांगितली तर करा. अंगावरून रक्त गेलं, दुसऱ्या बाजूलाही भराभर वाढ झाली, केस दिसले, किंवा गाठ लाल-गरम झाली तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता जा.

आणि घरी उंची मोजायला लागा. दाराची चौकट निवडा, भिंत नको, भिंतीला तळाशी पट्टी असते आणि टाचा पुढे येतात. बूट-मोजे काढून टाचा, कुल्ले, डोकं चौकटीला लावा, नजर समोर, डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरा आणि त्याखाली पेन्सिलने रेघ मारा. सकाळीच मोजा, संध्याकाळपर्यंत उंची थोडी दबते. जुन्या कार्डावरचं दोन वर्षांच्या आतलं माप झोपवून घेतलेलं असणार, त्यातून ०.७ सेंटिमीटर वजा करून मग ताडा, नाहीतर मुलगी वाढलीच नाही असं वाटेल. महिन्या-महिन्याला मोजू नका, सव्वादोन वर्षांचं पोर हलतंच आणि तेवढ्या काळात चूक वाढीपेक्षा मोठी निघते. तीन महिन्यांनी एक रेघ, सहा महिन्यांनी दुसरी. सहा महिन्यांत चार-साडेचार सेंटिमीटर ही तिच्या वयाची चाल. सहा-सात भरले तर पुन्हा मोजा, आणि तेवढेच भरले तर डॉक्टरांकडे जा. गाठीला हात मात्र महिन्यातून एकदाच लावायचा, आणि तोही तुम्हीच, बाकी कुणी नाही.